पोकळ गिटारचं गिऱ्हाईक

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं असतील, पण गिटार विकायला त्याहून दोन-चार जास्तच असावीत, असं त्या बाईचं मत झालं होतं.

ती घरबसल्या कपडे अल्टर करून द्यायची. पँटी आखूड करायच्या, चेनी बदलायच्या, सुटलेल्या पोटांसाठी शिवणी उसवायच्या. शिलाई मशीनच्या समोरच्या भिंतीवर नवऱ्याची जॅझची इलेक्ट्रिक गिटार टांगलेली होती. फुगीर पोटाची, आतून पोकळ, वरच्या लाकडाला दोन नागमोडी फटी. सत्तावीस वर्षं त्याने ती हॉटेलांतून आणि हॉलमधून वाजवली. गेल्या वर्षी झटका आला आणि डावा हात लुळा पडला.

हात सुधारेल, असं व्यायाम शिकवणाऱ्या बाई छातीठोकपणे सांगत. रोज सकाळी त्याने डाव्या चिमटीत रुमाल धरायचा, बायकोने ओढायचा आणि त्याने सोडायचा नाही. एवढाच व्यायाम. पण हा भिंतीकडे बघत बसायचा आणि ती ओढायच्या आतच रुमाल सोडून द्यायचा.

"आता ही बोटं मला काय करायचीत?" तो म्हणायचा. "विकून टाक ती गिटार."

तिलाही ते पटलं होतं. गिटार डोळ्यांसमोरून हलल्याशिवाय हा माणूस बोट हलवायचा नाही. म्हणून तिने जाहिरात दिली, आणि विकत घेतली ती कटकट. गिऱ्हाईक आलं, की नवरोजी आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचे. गिटारबद्दल बोलायचं कोणी? तर जिला गिटारमधलं ओ की ठो कळत नाही तिने.

पहिल्याने विचारलं, "पोकळ म्हणजे? वाळवी लागलीये का?" दुसऱ्याला गिटारच्या पोटात दिवा बसवून ती हॉटेलात टांगायची होती. त्याला तिने जिन्यापर्यंत हाकललं. तिसरा म्हणाला, आवाज दबका येतो. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणून तिने सोडून दिलं. पण चौथाही तेच म्हणाला, आणि पाचवाही.

"अहो, आवाज दबका का येतो हिचा?" तिने आत जाऊन विचारलं.

"मला काय ठाऊक?" तो म्हणाला आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सत्तावीस वर्षं मांडीवर घेऊन बसलेला माणूस म्हणतो, मला काय ठाऊक!

सहावी आली ती एक मुलगी, स्वतःचा छोटा स्पीकर घेऊन. कपड्यांचा ढीग बाजूला सारून ती स्टुलावर बसली आणि वाजवायला लागली. बाईने मशीन थांबवलं. अशी बोटं तिने या घरात एकाचीच पाहिली होती. चला, सुटलो एकदाचे, असं तिला वाटलं, तेवढ्यात मुलीने गिटार खाली ठेवली.

"काकू, बनावट सुरेख आहे हो. पण लाकूड मेलंय हिचं. नाही घेत मी."

आतलं दार धाडकन उघडलं.

"लाकूड मेलेलं नाही!" नवरा लुंगी सावरत बाहेर आला. "तिच्या पोटात बोळा आहे. क्रोशाची सुई दे गं."

बाईने सुई काढून दिली. तो खाली बसला, गिटार मांडीवर घेतली, उजव्या हाताने सुई फटीतून आत घातली. मोठ्या हॉलमध्ये स्पीकरचा आवाज चढवला की पोकळ गिटार केकाटते, म्हणून आत काहीतरी कोंबावं लागतं, असं तो मुलीला सांगत होता. बायकोकडे मात्र बघत नव्हता. सुईला बोळ्याचं टोक लागलं आणि फटीपर्यंत वर आलं. उजवा हात सुईत गुंतलेला, म्हणून त्याने ते टोक डाव्या चिमटीत पकडलं. निसटलं. शिवी हासडून त्याने पुन्हा पकडलं. अर्धा तास ही झटापट चालली आणि शेवटी वीतभर, मग हातभर लोकर बाहेर आली.

निळा मफलर. तिने स्वतः विणलेला. अठरा वर्षांपूर्वी हरवलेला.

"हा तुम्ही घेतला होता?" तिचा आवाज चिरका झाला. "जाऊबाईंनी चोरला म्हणून भांडले मी! अठरा वर्षं त्यांच्या घराची पायरी चढले नाही!"

"त्या दिवशी घाईत हाताला लागला तो कोंबला," तो पुटपुटला. "दुसऱ्या दिवशी सांगणार होतो, पण तोवर तुमचं भांडण होऊनही गेलं होतं."

मुलीने गिटार पुन्हा वाजवली. आवाज खोलीभर घुमला, खिडकीची काच थरथरली. नवरा मान खाली घालून ऐकत राहिला. संपल्यावर म्हणाला, "ने. रोज वाजव पण."

मुलगी पैसे देऊन गिटार घेऊन गेली. भिंतीवर खिळा तेवढा राहिला. बाईचा राग काही उतरला नव्हता. मफलरचं एक टोक अजून त्याच्या हातात होतं. तिने दुसरं धरलं.

"द्या तो इकडे. आत्ताच्या आत्ता जाऊबाईंकडे जाते आणि तुमचे प्रताप सांगते." तिने हिसका दिला.

मफलर आला नाही.

तिने पुन्हा ओढला, जोर लावून ओढला. मग तिचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. डावा होता.

"ओढ की," तो म्हणाला.