पांढऱ्या उजेडात चूक दिसत नाही

मी बालवाडीच्या फाटकावरची रंगीत दिव्यांची पाटी बोलतेय. गप्प बसणार होते. पण परवा एक बाप माझ्याकडे बोट दाखवून दुसऱ्याला म्हणाला, "हीच ती. त्या पोरीला गाडीखाली घालणार होती." तेव्हा म्हटलं, आता बोलायचंच.

मला हात नाहीत, पाय नाहीत, स्वतःची अक्कल नाही. अक्कल घालणारे दोघं होते, सख्खे बहीणभाऊ. आणि ते दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. मग बोट माझ्याकडे का?

माझ्या अंगावर दोन हजार अठ्ठेचाळीस दिवे आहेत. प्रत्येक दिव्यात तीन रंग, लाल, हिरवा, निळा. मी एका वेळी दोनच ओळी पेटवते, पण इतक्या भरभर की तुम्हाला सगळी पाटी पेटलेली दिसते. कुठली ओळ, कुठला रंग, हे मला एक छोटा बोर्ड सांगतो. त्याच्यावर नखाएवढी चिप असते आणि चिपमध्ये माणसानं लिहिलेला प्रोग्राम. तो सांगेल ते मी करते. एक खोट मात्र माझ्यात जन्मापासून आहे. कारखान्यात माझ्या लाल आणि हिरव्याच्या तारा उलट्या जोडल्या गेल्या. कुणी पाहिलं नाही. पोत्यातल्या बटाट्यासारखी मला खोक्यात भरली आणि पाठवून दिली.

मी आले ती या बहीणभावाच्या दुकानात. भाऊ थोरला. तारा, सोल्डरिंगचे डाग देणं, भिंतीला भोकं पाडणं त्याच्याकडे. बहीण प्रोग्राम लिहायची. तिची चार वर्षांची मुलगी याच बालवाडीत. बालवाडीच्या शेजारी गोदाम आहे आणि त्याचे ट्रक फाटकासमोरूनच बाहेर पडतात. म्हणून मी हवी होते. ट्रक निघाला की गोदामाचा रखवालदार बटण दाबणार, मी लाल होऊन 'थांबा' दाखवणार. ट्रक गेला की हिरवं 'चला'. पोरांना अक्षरं कुठली यायला? बाईंनी आठवडाभर त्यांना घोकून घेतलं होतं, लाल म्हणजे पाय चिकटले, हिरवा म्हणजे पळा.

एवढं जोखमीचं काम आणि यांचं काय चाललेलं? भाऊ एका गिऱ्हाइकासमोर बोलून गेला होता की प्रोग्राम म्हणजे बसल्या बसल्या करायचं काम, खरी मेहनत हाताची. झालं, तेव्हापासून अबोला. सगळं बोलणं आईमार्फत. आई दुकानात स्टुलावर बसून भाजी निवडायची आणि इकडचं तिकडे पोचवायची. "आई, याला सांग, माझा प्रोग्राम नसला तर तुझ्या तारांवर कपडे वाळत घाल." आई सांगायची, मधले टोमणे गाळून.

नेमकं माझ्या वेळी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि ती आठवडाभर घरी राहिली. निरोप न्यायला माणूसच उरलं नाही.

मला पहिल्यांदा पेटवलं तेव्हा लाल सांगितलं आणि मी हिरवी झाले. दोघांनीही पाहिलं. दोघांनाही कळलं. आणि दोघंही गप्प. ती मुलीला आणायची वेळ झाली म्हणून बोर्ड उचलून निघून गेली. त्यानं दुपारी माझ्या केबलच्या पट्टीतल्या लाल-हिरव्याच्या तारा कापून उलट जोडल्या. छान केलं. मग दुसरा बोर्ड लावून मला पांढरी पेटवली, सगळे दिवे लागतात का बघायला. अरे शहाण्या, पांढऱ्यात तिन्ही रंग एकदम पेटतात. त्यात लाल-हिरव्याची अदलाबदल झाली तरी पांढरं ते पांढरंच. त्याला एवढंच दिसलं की एकही दिवा मेलेला नाही. मला फाटकावर चढवून मोकळा झाला.

तिकडे तिनं घरी प्रोग्राममध्ये लाल-हिरव्याची अदलाबदल केली आणि बोर्ड डबीत घालून दुकानाच्या टेबलावर ठेवला. चिठ्ठीसुद्धा नाही. एकाच चुकीला दोन उतारे. म्हणजे चूक जिथल्या तिथे.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या वेळी भावानं शिडीवर चढून बोर्ड बसवला. बहीण मुलीला सोडायला आली होती. मुलगी सगळ्यांना सांगत होती, ही माझ्या आईची पाटी. मला वीज मिळाली त्याच क्षणी रखवालदारानं बटण दाबलं, ट्रक निघाला होता. आणि मी झगझगीत हिरवी झाले. अक्षरं 'थांबा', रंग हिरवा.

मुलीनं रंग पाहिला. आईनं अक्षरं वाचली. मुलगी हात सोडून पळाली आणि आईनं मागून तिचा फ्रॉक धरला. फ्रॉक खांद्यापासून उसवला, पण पोर हातात राहिली. पाण्याची बाटली चाकाखाली गेली. बाटली चिरडल्याचा आवाज अजून माझ्या कानात, म्हणजे मला कान असते तर असता.

ड्रायव्हर खाली उतरून मलाच शिव्या देऊ लागला. भाऊ शिडीवरून म्हणाला, माल हलका निघाला. हलका! माझ्या पोटात हात घालून तारा कुणी कापल्या?

बहीण मुलीला घट्ट धरून उभी होती. हळूच म्हणाली, "दादा, तू तारा बदलल्यास?"

तीन महिन्यांनी ती त्याच्याशी बोलली, ते हे.

"बदलल्या. का?"

"मी प्रोग्राममध्ये बदललं होतं."

त्यानं वळून माझी वीज काढली आणि पक्कड घेऊन तारा पूर्ववत करू लागला. तिनं मुलीला कडेवर घेतलं, एका हातानं लॅपटॉप कट्ट्यावर उघडला आणि प्रोग्राम जुना करू लागली. दोघंही घाईत, दोघंही खाली मान घालून. मी मनात ओरडत होते, अरे, पुन्हा तेच करताय.

तिच्याच लक्षात आलं. "दादा, थांब. तू काय करतोयस?"

"तारा परत लावतोय."

"मी पण प्रोग्राम परत फिरवतेय."

त्यानं पक्कड थांबवून खाली तिच्याकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "तुझं बरोबर आहे, ते राहू दे. मी माझं काढतो."

माफी म्हणतात ती एवढीच. त्या दिवशी त्यांनी मला लाल पेटवली, हिरवी पेटवली, निळी पेटवली, एकेक रंग वेगळा, आणि तिनं खालून त्याचं नाव मोठ्यानं सांगितलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

या गोष्टीला वर्ष झालं. त्यानंतर मी एकदाही चुकले नाही. उन्हानं माझा एक कोपरा फिका पडलाय, चिमण्या डोक्यावर घाण करतात, ते सगळं चालेल. तुमची भांडणं तुम्ही खुशाल भांडा. फक्त माझ्यासारखीच्या पोटात हात घालण्याआधी एकमेकांना तोंडानं सांगा, मी काय केलं आणि तू काय केलंस.

कारण भरपाई कुणाला करावी लागते बघा. रोज सकाळी मी हिरवी होते आणि सगळी पोरं पळतात. ती एकटी थांबते. आधी माझ्याकडे बघते, मग मान वर करून आईच्या तोंडाकडे बघते. आई "चल" म्हणाली, की मगच पाऊल उचलते.