बटण मागे बघतो

"ताई, परत मागे बघितलं यानं!" दिग्दर्शकाने कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. "काय बिनसलंय तुमचं आणि या कुत्र्याचं?"

शेपूटताईंनी गठ्ठा उचलून अंगठ्याखालून भरभर सोडला. कागदांवरचा बटण शेपूट हलवत यानाच्या शिडीपाशी आला, पहिल्या पायरीवर त्याने पंजा ठेवला आणि आत शिरण्याआधी मान वळवून थेट ताईंकडे बघितलं.

"मी नाही हो काढली ती मान," त्या म्हणाल्या.

"मग काय, आम्ही घरी गेल्यावर तोच येऊन काढतो?"

दिग्दर्शक हसला. ताईंना हसू आलं नाही, कारण आठवडाभर त्यांनाही तेच वाटत होतं.

कुत्रा, माकड, मांजर आणि कासव अंतराळात जातात, धमाल करतात आणि छत्रीला लटकलेल्या यानातून सुखरूप परत येतात, असा तो मुलांचा चित्रपट. सगळा हाताने काढलेला. प्राणी कुठलाही असो, त्याची शेपूट ताईंच्या हातून उतरली की जिवंत झालीच म्हणून समजा. त्यामुळे त्यांचं खरं नाव आता फक्त पगार काढणाऱ्यालाच ठाऊक होतं. बटण तर आख्खाच त्यांच्या वाट्याला आला होता.

"पोरं रडतील हो थिएटरात," दिग्दर्शक समजुतीने म्हणाला. "त्याला वाटतंय आपण फिरायला चाललोय. खुशीत चढू दे की! उद्यापर्यंत बघा. नाहीच जमलं तर दुसऱ्या कोणाला देतो, वाईट वाटून घेऊ नका."

ताईंनी गठ्ठा आपल्याकडे ओढून घेतला. बटणला दुसऱ्याच्या हाती सोपवायचं? तसं एकदा सोपवून झालं होतं, तेवढं एका जन्माला पुरे होतं.

त्या पुन्हा कामाला बसल्या. तिथल्या प्रत्येक चित्रकाराच्या टेबलावर एक आरसा असे. पात्राचा चेहरा आधी आपण करून बघायचा, मग काढायचा. या पद्धतीपायी ताईंनी उभ्या आयुष्यात इतकी तोंडं वेडीवाकडी केली होती, की बाहेरच्या कोणी बघितलं असतं तर सरळ डॉक्टरच गाठला असता. त्यांनी डोळे मोठे केले, जीभ बाहेर काढली, आनंदाने मान हलवली. आरशात टिल्लू हसत होता.

त्यांनी आरसा पालथा घातला.

टिल्लू म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. नाव टिल्लू, पण दारातून आत येताना वाकावं लागेल एवढा उंच. बुद्धी मात्र पाच-सहा वर्षांच्या मुलाची. आई होती तोवर आईपाशी राहिला, नंतर ताईंकडे आला. त्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. घरात त्याचा विषय कोणी काढत नसे, आणि ताई तर नाहीच नाही.

दुपारी चहाला कासववाला शेजारी येऊन बसला. कासव तोच काढायचा आणि वागायचाही कासवासारखाच.

"माझं कासव मागे बघायला लागलं ना, तर आपला पिक्चर पुढच्या वर्षीसुद्धा यायचा नाही," तो म्हणाला. मग ताईंचा चेहरा बघून त्याने कप खाली ठेवला. "काय झालंय, ताई? कुत्र्याचं नाही हे."

एवढी वर्षं कोणी विचारलंच नव्हतं. ताई भिंतीकडे बघत बोलू लागल्या.

"भावाला संस्थेत ठेवलं होतं मी. दोनदा गॅस चालू ठेवला त्यानं, एकदा पडदा पेटला. घरात लहान मुलं. सगळे म्हणाले, ठेव. मीही म्हटलं, ठेवू. त्याला सांगितलं, फिरायला जायचंय, लगेच येशील."

"मग?"

"मग काय! सकाळपासून बूट घालून बसला. गाडी आली तसा पळत जाऊन खिडकीपाशी बसला. मी दारात उभी. मनात ठरवलं होतं, यानं एकदा जरी वळून बघितलं, तरी गाडी थांबवायची. कोण काय बोलायचं ते बोलू दे."

ताईंनी कप बाजूला सारला.

"नाही बघितलं. कशाला बघेल? मी लगेच येशील म्हटलं होतं ना! संस्थेचे लोक म्हणाले, आधी रुळू दे, भेटायला येऊ नका. मी नाही गेले. थंडीत न्यूमोनिया झाला. फोन आला तेव्हा सगळं आटपलं होतं."

चहावर साय धरली.

"ताई," कासववाला हळूच म्हणाला, "बटण मागे बघावा असं तुम्हालाच वाटतंय. तुम्हाला गाडी थांबवायचीय. पण तो जसा गेला, तसा जाऊ द्या ना त्याला."

ताई उठल्या. टेबलापाशी येऊन त्यांनी आरसा सरळ केला. टिल्लू आरशात होताच. या वेळी त्यांनी नजर काढून घेतली नाही. त्याची घाई, बूट घातलेले पाय आपटणं, आपल्याआधी कोणी खिडकी पकडेल ही भीती, बसल्यावर मांडीवर ठेवलेले शहाण्यासारखे हात, सगळं पुन्हा बघितलं आणि काढत गेल्या. कागद ओले होऊ नयेत म्हणून मधूनमधून तोंड बाजूला करून डोळे पुसले. बटण शिडी चढला, आत शिरला, काचेला नाक लावून पुढे बघत बसला. मान वळली नाही.

संध्याकाळी दिग्दर्शकाने गठ्ठा सोडून बघितला, मग सगळ्यांना बोलावून दाखवला. बटणची घाई बघून सगळे खो खो हसले. कासववाला तेवढा हसला नाही.

"क्या बात है, ताई!" दिग्दर्शक म्हणाला. "काय विश्वास आहे हो त्याच्या तोंडावर! आता शेवटचं दृश्यही तुम्हीच काढा. यान उतरतं, दार उघडतं, बटण बाहेर येतो आणि मालकिणीला ओळखतो. बस!"

ताईंनी पेन्सिली गोळा करून डब्यात ठेवल्या.

"ते दुसऱ्या कोणाला द्या," त्या म्हणाल्या. "मी फक्त जातानाच बघितलंय."

बाई दमल्या असतील असं दिग्दर्शकाला वाटलं. त्याने ते दृश्य माकड काढणाऱ्याला दिलं.