अग्निवर्तुळातली वैदीण

“दहा फासे जास्त होतात,” ताई म्हणाली.

“अहो ताई, अग्निवर्तुळ आहे, शेगडी नाही!” दातांचे डॉक्टर म्हणाले. भावजय खुदकन हसली.

रविवारी डॉक्टरांचा दवाखाना बंद असे. दुपारी तिथल्याच बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर चौघांचा खेळ चाले. कागद, पेन्सिली, फासे आणि ताईच्या धाकट्या भावाने रचत नेलेली गोष्ट. भाऊ सूत्रधार. त्या गोष्टीत डॉक्टर जादूगार होते, भावजय चोर आणि ताई म्हातारी वैदीण. या वेळी डॉक्टर घरून स्वतः रचलेला अग्निवर्तुळाचा मंत्र घेऊन आले होते; फाशांवर जेवढे पडतील, तेवढा मार वर्तुळातल्या प्रत्येकाला.

ताई पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. तिने कागद ओढून घेतला. “एका फाशाची सरासरी साडेतीन. दहांचे पस्तीस. एकट्यादुकट्यावर ठीक आहे. पण वर्तुळात तिघं तरी सापडणारच, म्हणजे एका झटक्यात शंभरावर. मग बाकीच्यांनी काय करायचं, टाळ्या वाजवायच्या?”

“बरं, किती ते तुम्हीच सांगा.”

“आठ. अठ्ठावीस होतात. आणि आत आपलं माणूस असलं तर तेही भाजणार.”

“हे जरा अति होतं हां.”

“आग काय ओळखपाळख बघते?”

“ताईने म्हटलं म्हणजे झालं,” भाऊ म्हणाला आणि वहीत आठ लिहिले. घरी रचलेला नियम चौघांच्या सह्या झाल्याशिवाय लागू करायचा नाही, असा त्यांचा शिरस्ता होता. डॉक्टरांनी तोंड वाकडं करत सही केली.

वैदीण बावीस वर्षं जुनी. नववीत असताना भाऊ पाय मोडून तीन महिने पडून होता, तेव्हा ताईनेच हा खेळ शिकून घेऊन त्याला शिकवला होता. त्याचा सरदार सारखा जखमी व्हायचा. त्याला बरं करायला कोणीतरी हवं, म्हणून वैदीण. सरदार कधीच मेला, मग भाऊ सूत्रधार झाला. वैदीण राहिली. कागद विटला की ताई तिचे सगळे अंक नव्या कागदावर उतरवून घ्यायची.

पुढच्या रविवारी ताईची प्रयोगशाळेत पाळी होती. त्यानंतरच्या रविवारी गोष्टीत विहिरीपाशी शत्रूचे सात शिपाई आले.

“ताई, तुम्ही पुढे व्हा,” डॉक्टर म्हणाले. “सगळे तुमच्याभोवती जमले की मी मंत्र टाकतो.”

ताईने मनात मांडून पाहिलं. मार सोसायचे वैदिणीचे अंक एकतीस. मंत्राची सरासरी अठ्ठावीस. मरायची शक्यता दहात तीन, आणि जातील ते सात शिपाई. वाईट नव्हतं.

“जाते,” ती म्हणाली. उडी मारून आग चुकवायचा फासा तिने टाकला. दोन पडले. म्हणजे पुरा मार.

डॉक्टरांनी दोन्ही हातांनी फासे टाकले. बशीत उगवलेल्या जंतूंचे ठिपके मोजण्यात ताईची एकोणीस वर्षं गेली होती. तिला बोट ठेवून मोजावं लागत नसे.

“दहा?”

भावाने वही स्वतःकडे सरकवली.

“अगं, आम्ही जरा बदललं.”

“आम्ही म्हणजे?”

“मी म्हटलं होतं ह्यांना,” भावजय खाली बघत म्हणाली, “ताईंना आधी सांगा म्हणून.”

ताईने हात पुढे केला. भावाला वही द्यावी लागली. आठ खोडून दहा केलेले, खाली गेल्या रविवारची तारीख आणि सह्या. चार. चौथी ताईची होती, भावाच्या हातची. शाळेत असताना प्रगतिपुस्तकावर तो बाबांची सही अशीच करायचा. ताईच ते बाबांपासून लपवायची.

“तू प्रत्येक गोष्ट मोजतेस गं,” तो म्हणाला. “एकेका लढाईला तीन-तीन तास. मजा जाते. म्हटलं, वैदीण एकदा गेली की तू काहीतरी हाणामारीचं घेशील. खेळ जरा पळेल.”

“म्हणजे आज ठरवून मला आत पाठवलंत.”

भावाने पेन्सिलीचं टोक तपासलं.

“पाच, आठ, बारा, चौदा,” डॉक्टर घाईघाईने फासे गोळा करत मोजू लागले. “सतरा, अठरा, बावीस, चोवीस... एकोणतीस! वाचलात, ताई! दोन उरले की!”

“बघ!” भावाने सुस्कारा टाकला. “उगाच एवढं मनाला लावून घेतलंस.”

टेबलावर रुग्णांसाठी ठेवलेली मासिकं होती. एक फासा घरंगळत जाऊन त्यांच्या कडेला टेकला होता.

“हा राहिला,” ताई म्हणाली. “चार.”

“राहू दे ना, ताई.”

“तेहेतीस होतात.”

“खाली पडला असं धरू या हो,” डॉक्टर म्हणाले. “पडलेला मोजत नाहीत.”

“खाली पडलेला नाही. टेबलावर आहे.”

“अगं, कोण बघतंय!” भाऊ चिडून म्हणाला. “आम्ही म्हणतोय ना सगळे, वाचली म्हणून!”

“वहीत दहा लिहिलेत,” ताई म्हणाली. “खाली माझी सही आहे.”

तिने खोडरबर घेतला. एकतीस पुसले, कागदावरचा चुरा तळहातात गोळा केला आणि तिथे शून्य लिहिलं. मग तिने वही भावापुढे सरकवली.

“शिपायांचेही तेहेतीस जाणार. लिही.”

त्याची पेन्सिल हलेना. तेव्हा ताईने वही आपल्या बाजूला फिरवली आणि एकेका शिपायापुढे वजाबाकी मांडू लागली.