अकरा वेळा घड्याळाकडे

साडेबाईंनी सख्ख्या भाचीच्या सिनेमाला दहापैकी साडेचार गुण दिले, ही बातमी शनिवारी दुकान उघडल्यावर तासाभरात त्यांच्या भावाच्या घरी पोचली. त्यानंतर दुकानातला फोन काही गप्प बसेना. बाईंनी तीनदा उचलला, तिन्ही वेळा तेच ऐकलं, आणि चौथ्यांदा फोन वाजला तेव्हा त्यावर एक उशी ठेवून त्या कामाला लागल्या.

बाईंचं काम घड्याळदुरुस्तीचं. दुकान वडिलांचं, खुर्ची वडिलांची, डोळ्याला लावायचं भिंगही त्यांचंच. दुकानासमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे थिएटर. सत्तावीस वर्षं बाई दर शुक्रवारी दुपारी शटर ओढून नव्या सिनेमाच्या पहिल्या खेळाला जात आणि शनिवारी सकाळी दाराशेजारच्या हातभर फळ्यावर त्याचे गुण लिहीत. गुण द्यायची त्यांची रीत साधी होती. प्रत्येक सिनेमा दहा गुण घेऊनच सुरू होई. बघता बघता नजर मनगटावरच्या घड्याळाकडे गेली की अर्धा गुण कापला. घड्याळात किती वाजले तेही त्या मांडीवरच्या वहीत अंधारातच खरडत. नट देखणा आहे, गाणी गाजली आहेत, शेवटी सगळं थिएटर रडलं, असल्या गोष्टींना त्या हिंग लावून विचारत नसत. "माणूस कंटाळला की घड्याळ बघतो," त्या म्हणत, "बाकीचं सगळं तो घरी गेल्यावर रचतो." गुण बहुतेक वेळा साडेतीन नाहीतर साडेसहा निघत, म्हणून त्यांचं नाव साडेबाई पडलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या चिडल्या होत्या. पुढे दुकानाच्या पावतीवरही तेच छापून घेतलं.

तिकीट काढायला आलेली माणसं आधी रस्ता ओलांडून फळा वाचून जात. काही फळ्याचा फोटो काढून गावभर पाठवत. या शनिवारी फळ्यावर सिनेमाचं नाव होतं, त्यापुढे साडेचार, आणि खाली नेहमीसारखी एक ओळ: 'मध्यंतरानंतर शिवण उसवली आहे.'

भाची नेमकं शिवणीचंच काम करत होती. शूटिंगचे सुटे तुकडे जोडून सिनेमा उभा करायचा, ते संकलनाचं काम. सहा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली राबून तिला स्वतःच्या नावावर मिळालेला हा पहिला सिनेमा.

फोन लागेना तेव्हा भाऊ स्वतःच आला. बाईंपेक्षा चार वर्षांनी लहान, शाळेत कारकून, आवाज चढवायची सवय नाही. आज मात्र चपला न काढताच आत शिरला.

"ताई, पोरीचं नाव पहिल्यांदा पडद्यावर आलं. तुला साडेचारच सापडले?"

"अकरा वेळा घड्याळ बघितलं मी. साडेपाच गेले. उरले किती ते तूच सांग."

"साडेआठ कर. एक ओलं फडकं तर फिरवायचं आहे."

"ते फडकं शनिवार सोडून फळ्याला लागत नाही, आणि आजचं लागून झालंय."

"अगं, ती तुझ्या अंगाखांद्यावर वाढली. या स्टुलावर बसून तुझे स्क्रू निवडायची. बाहेरच्या माणसाला कुणी बोलणार नाही असं तू घरच्या पोरीला बोललीस."

"बाहेरच्यांना मी याहून वाईट बोलले आहे. तू फळा वाचत नाहीस म्हणून तुला माहीत नाही." बाईंनी चिमट्यातलं चाक पेटीत ठेवलं. "आणि समज, तिला आज फुकट साडेआठ दिले. उद्या तिनं खरंच नऊचं काम केलं, तर माझ्या नऊ गुणांना कोण विचारेल? लोक म्हणतील, आत्याच ती, देणारच."

भाऊ आला तसाच निघून गेला. बाईंनी पुन्हा भिंग डोळ्याला लावलं, पेटीतलं चाक उचललं, पण ते जागेवर बसेना. खरं सांगायचं तर काल थिएटरात त्यांच्याइतकं जीव मुठीत धरून कुणीच बसलं नव्हतं. मध्यंतरापर्यंत दोनदाच नजर हलली होती आणि बाई मनातल्या मनात नऊ लिहून मोकळ्या झाल्या होत्या. मग पडदा पुन्हा उजळला आणि गोष्ट कुठल्या कुठे गेली. नायिका भावाच्या तोंडावर दार आपटून निघून जाते, आणि पुढच्याच क्षणी दोघं एका बाकावर बसून हसताहेत. का हसताहेत, कुणाला ठाऊक. तिथून नजर जी घड्याळाकडे जाऊ लागली ती थांबेचना. सातव्या वेळी बाईंनी बाही खाली ओढून घड्याळ झाकलं. मग स्वतःचीच लाज वाटून बाही पुन्हा वर केली. घरी येऊन त्या जेवल्या नाहीत. भाचीला फोन करावा असं दहादा वाटलं आणि दहाही वेळा हात मागे आला. तिला दुखावल्याचं त्यांना वाईट वाटत होतं, आणि गुण बदलायचा विचार मात्र एकदाही मनात आला नाही.

सोमवारी सकाळी भाची आली. रात्रभर प्रवास करून आलेली, डोळे सुजलेले, खांद्यावर पिशवी. तिनं फळ्याकडे बघितलं, मग आत येऊन आपलं जुनं स्टूल ओढून बसली.

"गुण वाढव म्हणायला आले नाही मी," ती म्हणाली.

"म्हणाली असतीस तरी वाढवले नसते."

"माहीत आहे. शिवण कुठे उसवली ते दाखव. दोन दिवस तेच डोक्यात घोळतंय. त्या भागावर मी चार महिने बसले होते, आत्या. तू म्हणतेस तर तिथे काहीतरी असणार."

बाईंना बरं वाटलं, आणि तसं दाखवायचं नाही म्हणून त्या दिव्याचं तोंड उगाच इकडेतिकडे करत राहिल्या. मग म्हणाल्या, "दार आपटून जाते, आणि लगेच बाकावर हसतात. मध्ये काय झालं ते सांगायला नको? रुसवा काढणं म्हणजे काय दिवा लावणं आहे, बटण दाबलं की झालं?"

भाची चमकली. "मध्ये रात्र आहे ना. भाऊ तिला शोधत फिरतो ती. दवाखान्यातला प्रसंग आहे. आई दोघांना काय सांगते ते आहे. अख्खा सिनेमा त्या रात्रीसाठी आहे, आत्या."

"कुठली रात्र?"

भाचीनं स्टूल दिव्याजवळ ओढलं. भिंतीवरची दुरुस्तीला आलेली पंधरावीस घड्याळं आपापल्या चालीनं चालत राहिली.

"वही दाखव," भाची म्हणाली.

वहीत सगळं होतं. तीन दहाला सुरू. तीन एकतीसला नजर गेली, तीन अठ्ठेचाळीसला गेली. चार बाराला मध्यंतर, चार पंचवीसला पुन्हा सुरू, मग नऊ नोंदी दाटीवाटीनं, आणि शेवटी पाच बावीसला समाप्त. भाचीनं पेन्सिल घेऊन मध्यंतराआधीची बासष्ट मिनिटं लिहिली, नंतरची सत्तावन्न लिहिली, बेरीज केली आणि पेन्सिल खाली ठेवली.

"एकशे एकोणीस," ती म्हणाली. "सिनेमा एकशे सदतीस मिनिटांचा आहे."

बाईंनी बेरीज पुन्हा केली, आणि मग तिसऱ्यांदा केली. आयुष्यभर लोकांच्या घड्याळातला सेकंदाचा फरक पकडणारी बाई, आणि अठरा मिनिटं तिच्या स्वतःच्या वहीत, स्वतःच्या अक्षरात, तीन दिवस उघडी पडून होती. नजर कितीदा गेली तेवढंच मोजलं. दोन टोकांची वजाबाकी करावी हे त्यांना सत्तावीस वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. त्यांचे कान गरम झाले.

"चल," त्या उठल्या. डोळ्याचं भिंग कपाळावर तसंच राहिलं.

थिएटरचा मॅनेजर जिन्याखालच्या खोलीत बसे. माणूस हसरा, बोलायला गोड. बाईंना बघून त्याला वाटलं, त्या तळमजल्यावरच्या मोठ्या घड्याळाला तेलपाणी करायला आल्या. ते घड्याळ बाईच बघत.

"अठरा मिनिटं कुठे गेली?" बाईंनी विचारलं.

त्यानं आधी कानांवर हात ठेवले. वही समोर आली तेव्हा मग दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला. "बाई, तुम्ही आमच्याच म्हणून सांगतो. दिवसाला एक खेळ जास्त बसतो. ऑपरेटर मध्यंतरानंतर जरा पुढे सरकवतो. रडारडीचाच भाग असतो तो, लोकांना नकोच असतो. आजवर एकानं विचारलं नाही."

"किती सिनेमांचं असं केलंत?"

तो हसला. "आता ते कोण लक्षात ठेवतं?"

फळ्यावरचे कित्येक साडेतीन आणि साडेचार त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले. त्यांतले किती त्या सिनेमांचे होते आणि किती या माणसाचे, ते आता कळायला मार्ग नव्हता.

"चार महिने," भाची म्हणाली.

"तुमच्या घड्याळाची वेळ मी एवढी वर्षं राखली," बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही वरच्या मजल्यावर लोकांचा वेळ चोरताय. मी हे फळ्यावर लिहिणार."

मॅनेजरचं हसू गेलं. "लिहा. पण मग शुक्रवारी इथे पाऊल टाकायचं नाही. तिकीट मिळणार नाही, आणि ती तुमची कोपऱ्यातली खुर्चीही नाही. गावात दुसरं थिएटर नाही, बाई. विचार करून लिहा."

बाई रस्ता ओलांडून दुकानाशी आल्या. शुक्रवारची दुपार म्हणजे त्यांच्या आठवड्याचं सगळं सुख होतं. नवरा गेला त्याच्या पुढच्या शुक्रवारीही त्या जाऊन बसल्या होत्या, आणि लोकांनी नावं ठेवली तेव्हा त्यांनाही फळ्यावरून उत्तर दिलं होतं. ती खुर्ची आता जाणार होती. भाची म्हणाली, "आत्या, राहू दे. दुसऱ्या गावांत सिनेमा पूर्ण चाललाय. माझं काही अडत नाही."

"माझं अडतं," बाई म्हणाल्या आणि खडू उचलला.

ओलं फडकं त्यांनी हातात घेतलं नाही. साडेचार होते तसेच राहिले. त्यांच्यापुढे त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं: 'हे गुण सिनेमाचे नव्हेत, समोरच्या थिएटरचे आहेत. १३७ मिनिटांचा सिनेमा इथे ११९ मिनिटांत उरकतात. घड्याळ लावून बसा आणि स्वतः मोजा.' आणि अगदी खाली, जागा उरली नव्हती तरी बारीक अक्षरात: 'बेरीज आधी केली नाही, ही चूक माझी.'

संध्याकाळपर्यंत फळ्यासमोर गर्दी जमली. मंगळवारी सहाच्या खेळाला निम्मी माणसं मनगटाकडे बघत बसली आणि खेळ सुटल्यावर तिकीटखिडकीशी जाऊन भांडली. बुधवारी मॅनेजरनं तळमजल्यावरचं मोठं घड्याळच उतरवून ठेवलं. शुक्रवारी बाई नेहमीच्या वेळी शटर ओढून खिडकीपाशी गेल्या. खिडकीतल्या माणसानं मान खाली घालून सांगितलं, "तुम्हाला द्यायचं नाही म्हणून सांगितलंय." त्याची बिचाऱ्याची चूक नव्हती. त्या तशाच बसस्थानकाकडे निघाल्या. भाची तिथे दोन तिकिटं काढून उभी होती.

दोन तासांवरच्या गावात, अनोळखी थिएटरात, अनोळखी खुर्चीत बसून बाईंनी सिनेमा पुन्हा बघितला. वही मांडीवर, बाही वर सरकवलेली. भाची शेजारी बसली होती आणि पडद्याकडे कमी, आत्याच्या मनगटाकडे जास्त बघत होती. मध्यंतरानंतर दार आपटलं आणि रात्र सुरू झाली. भाऊ गल्लीगल्लीतून बहिणीला हाका मारत फिरला, दवाखान्याच्या बाकावर आई दोघांशी बोलली, आणि अठरा मिनिटं बाईंची पेन्सिल हलली नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही, कारण पुसायला हात वर गेला असता तर घड्याळ डोळ्यांसमोर आलं असतं.

शनिवारी सकाळी फडकं ओलं झालं. भाऊही आला होता, या वेळी चपला बाहेर काढून. बाईंनी खडू भाचीच्या हातात दिला.

"लिही. साडेसात."

भाऊ म्हणाला, "रडलीस म्हणे तू."

"रडले. रडण्याचे गुण नसतात. पाच वेळा घड्याळ बघितलं. एकदा शेवटाकडे, एकदा लग्नाच्या बोलणीत, एकदा आगगाडीत, आणि दोनदा सुरुवातीला, मागच्या वेळी बघितलं होतं तिथेच."

"एकविसावं मिनिट आणि अडतिसावं," भाची म्हणाली. "तिथे मीही दरवेळी घड्याळ बघते. दिग्दर्शक कापू देईना."

"भांडायचं होतंस."

"पुढच्या वेळी भांडेन."

भाऊ एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. "अर्ध्या गुणानं कुणाचं काय बिघडतंय? पोरीचा पहिला सिनेमा आहे. आठ करा."

"नाही," दोघी एकदमच म्हणाल्या.

भाचीनं साडेसात लिहिले, खाली एक रेघ ओढली, आणि रस्त्यापलीकडून वाचता येतात का ते बघायला दोन पावलं मागे सरकली.