मोठीची चिठ्ठी

"पुरे झाले ते राक्षस, ताई!" मधल्या भावानं टेबलावर हात आपटला. "बावीस वर्षं तलवार घेऊन हिंडतोय मी. खांदा भरून आला."

शेंडेफळ खिदळलं. शेंडेफळ म्हणजे धाकटी बहीण, वय वर्षं अडतीस.

दर रविवारी दुपारी तिघांचा हा गोष्टीचा खेळ चाले. ताई गोष्ट रचायची, हे दोघं त्यातली माणसं व्हायचे, आणि अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. दहाच्या वर पडलं तर जमलं, नाहीतर फसलं. फाशापुढे कुणाचं काही चालत नसे.

राक्षसांना सगळेच विटले होते, हे ताईला कळत होतं. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत नळ्यांवर नावं डकवता डकवता तिनं आठवडाभर डोकं खाजवलं. पाणबुडी झाली, अंतराळातलं स्थानक झालं, बँकेवरचा दरोडासुद्धा झाला. एकही मनात भरेना. भरणार कसं? बुधवारी बढतीचं पत्र आलं होतं. दुसऱ्या शहरात, मोठ्या प्रयोगशाळेची प्रमुख, एक तारखेला हजर. आतल्या खोलीत आई नऊ वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिला या दोघांपैकी कुणीतरी न्यायला हवं होतं. पण 'न्या' एवढं म्हणायला हिची जीभ रेटेना! राक्षसांच्या फौजा चुटकीसरशी उभ्या करणारी बाई, सख्ख्या भावंडांपुढे मात्र दातखीळ.

"या खेपेला साधं घर," ती म्हणाली. "आई अंथरुणावर. तीन भावंडं. मोठीला परगावी नोकरी लागलीय. उचला चिठ्ठ्या, कोण कोण होणार ते."

"अगं, हे तर आपलंच!" शेंडेफळ म्हणालं.

मधल्याला मोठीची चिठ्ठी आली. त्यानं ताईचा चष्मा नाकावर चढवला. "पाय पुसून आत या! आवाज करू नका, आईचा आत्ता कुठे डोळा लागलाय!" हुबेहूब. ताईलाही हसू आवरेना.

शेंडेफळाला मधल्याची चिठ्ठी आली. तिनं तोंड वाकडं केलं. "आम्ही नेली असती गं आईला, पण जागाच कुठेय आमच्याकडे?"

"मी असं कधी म्हणालो?"

"दर वेळी म्हणतोस."

ताईनं फासा पुढे सरकवला. "टाक. मोठी जाते का?"

सतरा.

"गेली," ताई म्हणाली.

"छे, काहीतरीच!" मधल्यानं फासा उचलला. "ताई कुठली जातेय? जाऊन करणार काय? तिला आहे कोण?"

"टाक परत," शेंडेफळ म्हणालं.

"फासा एकदाच टाकायचा असतो," ताई म्हणाली.

"अगं, ते राक्षसांच्या वेळी. हे अगदीच खोटं वाटतं."

परत टाकला. एकोणीस. परत टाकला. चार.

"हां, आता कसं! मोठी राहिली," मधला म्हणाला, आणि दोघं मनापासून हसले.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षांत फासा कधी दुसऱ्यांदा पडला नव्हता. आज ती घराबाहेर निघाली, तर तीनदा.

तिनं कपाटातून पत्र काढून टेबलावर ठेवलं. "मी जातेय. आईला कोण नेणार, ते ठरवा."

"वा!" शेंडेफळानं टाळी वाजवली. "गोष्ट काय रंगवतेस गं!"

"पत्रसुद्धा बनवलंस?" मधल्यानं ते उजेडात धरलं. "शिक्का बघ, अगदी खरा वाटतो." तो वाचत गेला. मग त्यानं चष्मा काढला. "एक तारीख म्हणजे... येत्या शुक्रवारी?"

शेंडेफळानं त्याच्या हातातलं पत्र ओढून घेतलं.

तेवढ्यात आतून आईनं हाक मारली. कुणाचं नाव न घेता, नुसतीच. दोघांनी ताईकडे पाहिलं. ती हलली नाही. आईनं पुन्हा हाक मारली.

"ताई," मधला हळूच म्हणाला, "आई बोलावतेय."

"ऐकू येतंय मला," ताई म्हणाली, आणि बसून राहिली.