रबराला पाजलेलं तेल

खजुरीच्या व्यंकटअप्पांकडे कमरेइतके उंच दोन जुने स्पीकर होते. काळ्या पडद्याभोवतीची रबराची कड आवाजासरशी आत-बाहेर होई, निजलेल्या वासराची कूस हलावी तशी. ती कोरडी पडू नये म्हणून अप्पा दर अमावस्येला तिला करडीचं तेल चोळत. कारहुणवीच्या सणाला बैलांची शिंगं तेलानं झळाळतात. मग रबरानंच काय पाप केलं होतं? दुखरे गुडघे पसरून त्यांची बायको चंद्रभागाबाई हा सोहळा तीन वर्षं मुकाट पाहत होत्या.

रविवारी लेकीची, विजयश्रीची, हळद होती. अंगणात आपलेच स्पीकर वाजतील, हा अप्पांचा हट्ट; नीट वाजले तरच, ही तिची अट. शुक्रवारी सकाळी अप्पांनी चाचणीसाठी सनई लावली. सनई खोकली, मग घरघरू लागली.

"बाबा, ही सनई हाय का डबक्यातली म्हैस?"

"थंड हाय अजून. तापू दे."

"तवर डीजेवाल्याला फोन लावते."

अप्पांनी स्पीकर टमटममध्ये घातले आणि तालुक्याचं आळंद गाठलं. तिथं स्पीकर दुरुस्त करणाऱ्या प्रेरणानं कडेला बोट लावलं, ते चिकटलं. तिनं बोट हुंगलं.

"काका, ह्याला फोडणी कुणी दिली?"

"घाण्याचं तेल हाय. भेसळ न्हाई."

"कामून लावलाव पण? रबर तेल पितंय, फुगतंय अन् लोळागोळा व्हतंय. किंचित ओल्या फडक्यानं पुसायचं, उन्हात ठेवायचं न्हाई. बस्स."

अप्पांचा चेहरा असा झाला, जणू आयुष्यभराची माया कुणी गुन्ह्यात जमा केली. प्रेरणानं नव्या कडा चिकटवल्या आणि उद्यापर्यंत वाजवायचं नाही, अशी ताकीद दिली.

रविवारी सनई निर्मळ वाजली. विजयश्रीनं पाटावरूनच बापाकडे बघून मान डोलावली. अप्पांना मात्र ती दिसलीच नाही. हळद-तेलानं माखलेल्या हातांच्या बायकांपुढे ते फडकं घेऊन स्पीकरच्या पहाऱ्याला उभे होते.

"बसव्वा, लांबनं जा."

"अण्णा, नवरी तिकडं हाय. ह्या स्पीकरला कोण हळद लावायलंय?"

पाहुणे पांगल्यावर अप्पांनी कोनाड्यातली तेलाची बाटली उचलली; तिचं आता काय करावं, हे त्यांना सुचेना.

चंद्रभागाबाईंनी लुगडं घोट्यावरून थोडं वर सारलं. "इकडं आणा. माझे गुडघे रबराचे न्हाईत."