कानामागचा रंग

मावशीचं बोट टॅबलेटवर अधांतरी थांबलं आणि पुन्हा मांडीवर येऊन पडलं.

"दोनदा झालं," वाचाउपचारवाल्या मॅडम हळूच म्हणाल्या. "आता एकच संधी."

पडद्यावर नखाएवढे चार चेहरे होते: मुलगा, नर्स, शेजारीण आणि भाची. ज्या चेहऱ्यावर बोट टेकेल, तो कोण ते टॅबलेट बोलून दाखवायचा. अर्धांगाच्या झटक्यानंतर मावशीची वाचा गेली होती. आपली माणसं ओळखली, तर तिला समजतंय असं मॅडम लिहून देणार होत्या आणि कुठे राहायचं ते मग मावशीच ठरवणार होती. नाहीतर दादाने, म्हणजे तिच्या मुलाने, शुश्रूषा केंद्राचा फॉर्म भरून ठेवलाच होता. मुलाला तिने पटकन दाखवलं होतं. अडलं होतं ते भाचीपाशी.

भाची समोरच उभी होती. मावशीनेच वाढवलेली, मावशीच्या तोंडी 'काजळ'. मोबाइल ॲपसाठी आयकॉन बनवणं हाच तिचा धंदा, आणि हे चारही चेहरे तिनेच केले होते.

"आईला कळत नाहीये गं," दादा म्हणाला. "उगाच किती छळायचं तिला? तू दिवसभर कामाला जाणार. तिच्याजवळ कोण बसणार?"

"मी घरूनच काम करेन, दादा."

"बोलायला सोपं आहे."

सकाळी देवापुढे काजळने ठरवलं होतं, आज कुणाला उलटून बोलायचं नाही. ती खाली वाकली आणि मावशीच्या नजरेने पडद्याकडे बघू लागली. मग आपली चूक तिच्या लक्षात आली.

काजळ फोटोला कधी उभी राहत नसे, त्यामुळे व्हिडिओ कॉलचा स्क्रीनशॉट घेऊन त्यातला चेहरा कापावा लागला होता. खिडकीच्या उजेडाने तो निळा पडलेला. मग नेहमीची सवय: आधी उजेड वाढवायचा, वर फिकट पिवळ्याचा थर द्यायचा, तो थर अर्धा पुसट करायचा, म्हणजे निळेपणा मरतो. चारही चित्रं एका माळेतली दिसावीत म्हणून चौघांवर तोच थर दिला होता. दादाला मिशीने वाचवलं. पण भाचीच्या जागी कुणी गोरीपान बाई हसत होती.

"मॅडम, दहा मिनिटं द्या. माझं चित्र चुकलंय."

"आता चित्र बदलून पास करणार?" दादा फणकारला.

"ओळखीचं नसलेलं चित्र दाखवून नापास करणंही बरोबर नाही," मॅडम म्हणाल्या. "पण पाचला मला दुसरा पेशंट आहे."

भिंतीवरचं घड्याळ पावणेपाच दाखवत होतं.

काजळने लॅपटॉप उघडला, चित्राची मूळ फाइल काढली आणि दादाच्या देखत पिवळा थर पुसून टाकला. खाली उरला तो निळा, मेलेला चेहरा. त्यात खरा रंग शोधायचा कुठे? गालावर खिडकी, कपाळावर खिडकी. तिने चित्र मोठं केलं. कानामागे, मानेच्या वळणावर, तेवढा उजेड पोचला नव्हता. रंग उचलायचं टूल तिने तिथे टेकवलं. गडद, तांबूस सावळा. लहानपणी ज्यावर ती पावडरी थापत असे, तोच. मावशी ओल्या पदराने सगळं पुसून काढायची.

तो रंग तिने चेहराभर पसरला, फक्त रंगच, खालच्या सावल्या तशाच ठेवून. इतक्या लहान चित्रात नाकडोळे हरवतात, म्हणून मागची भिंत फिकट केली. चित्र लहान केलं, टॅबलेटवर टाकलं आणि टॅबलेट हातभर लांब धरून पाहिलं. हीच ती.

पाचला चार मिनिटं होती. मॅडमनी चौघांच्या जागा अदलाबदल केल्या.

"मावशी, तुमची भाची कुठली?"

बोट उचललं गेलं. नर्सवर रेंगाळलं, पुढे सरकलं. दादा पुढे झुकला. काजळने तर डोळेच मिटले.

"भाची," टॅबलेट बोलला.

मॅडम कागदावर लिहू लागल्या. "शाब्बास. आता सांगा, राहायचं कुणाकडे?"

मावशीने बोट उचललंच नव्हतं. ते तिथेच पुन्हा दाबलं, आणि पुन्हा.

"भाची," टॅबलेट म्हणाला. "भाची. भाची."

"कळलं गं आई," दादा म्हणाला. त्याने फॉर्मची घडी घालून खिशात टाकली. मग काजळकडे न बघताच म्हणाला, "रविवारी मी बसेन तिच्याजवळ. आणि माझ्यावरचं ते पिवळं पण काढ."